शमुवेलचं जावळ

शमुवेलचे केस लई दाट होते. पोटात होता तवा मला घशापस्तोर जळजळायचं, आन् मामी म्हणायच्या, लेकराला जावळ भरपूर असणार बघ. मामी म्हंजी माझी सासू, आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात. झालं बी तसंच. दोन वर्षाचा झाला तर केस खांद्याच्या खाली लोंबायचे. मामी रोज सकाळी चुलीपुढं त्याला मांडीत दाबून धरायच्या, करडीचं तेल चोपडायच्या, काळा दोरा घालून येणी घालायच्या आन् कपाळावर चांदीचं पिंपळपान बांधायच्या. अनोळखी माणूस त्याला पोरगीच समजायचं. येणी घालताना तो लई रडायचा. त्याच्या रडण्याच्या आधी मला तेलाचा वास यायचा आन् मी उठून बाहेर जायचे, कारण मला म्हाईत होतं ते केस कुणासाठी वाढवून राहिलेत.

त्याच्या वेळेला माझं बाळंतपण अडलं होतं. मामी दवाखान्याच्या दारात उभ्या राहून माहूरच्या रेणुकामातेला बोलल्या, सून सुटू दे, लेकराचं पहिलं जावळ तुझ्या पायरीवर आणून घालते. मी आतमधी येशूला हाका मारून राहिले होते, दुसरं काही सुचतच न्हवतं, नुसतं येशू येशू. दोघींच्या हाका एकाच वक्ताला गेल्या, एक दाराच्या आतून आन् एक बाहेरून. लेकरू सुखरूप झालं, आन् भांडण बी त्याच दिवशी जन्मलं. मामी म्हणायच्या माझ्या आईनं दिलं, मी म्हणायचे येशूनं दिलं. म्हणायचे म्हंजी मनात. तोंडानं म्हणायची माझी छाती न्हवती.

मी उमरीकडची. सातवीपस्तोर शिकले, मंग आई आजारी पडली आन् शाळा सुटली. आईला सगळ्यांनी सोडून दिलं होतं, बा बी दुसरीकडं राहायला गेला, तवा प्रार्थनेवाल्या दोन बाया रोज येऊन तिला आंघोळ घालायच्या, कण्या शिजवून भरवायच्या. त्या बायांच्या मागं मागं आई येशूकडं गेली आन् आईचा पदर धरून मी. पत्र्याचं एक शेड होतं, ऐतवारी तिथं खंजिरी वाजायची, उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की डोळे मिटून प्रार्थना करताना घामच डोळ्यांत जायचा. तिथंच मी आईकडून एक गोष्ट शिकले. आई म्हणायची, "सुनीता, भ्या वाटलं तर वाटू दे, खोटं बोलू नको बस. भेलेलं माणूस चालतं त्याला. खोटं न्हाई चालत." मी लई भित्री होते, मला वाटायचं हे बरं हाय, आपल्याला जमण्यासारखं हाय.

माझा नवरा विलास नांदेडला बांधकामावर असताना आमच्या प्रार्थनेत यायला लागला, आन् तिथंच आमचं जमलं. लग्नानंतर मला त्याच्या गावाला आणलं, रेणापूरच्या अलीकडं फाट्यावरून आत. घर दोन खोल्यांचं. एका कोनाड्यात मामीची देवी, दुसऱ्या खोलीत खुंटीला माझी पिशवी, त्यात माझं पवित्र शास्त्र, बायबल. मामी वाईट न्हवत्या. पहिल्याच दिवशी म्हणल्या, "तुझा देव तुझ्यापाशी, माझी आई माझ्यापाशी. भाकर मातर एकाच तव्यावर." त्यांच्या हातची येसराची आमटी मला आजबी तशी जमत न्हाई. त्या भाकर थापायच्या ना, तो थपथप आवाज ऐकून शमुवेल रांगत चुलीपाशी जायचा आन् पिठाच्या परातीत हात घालायचा. मामी त्याला शाम म्हणायच्या. पुरं नाव कधीच न्हाई घेतलं.

मंग विलास कामाला पुण्याकडच्या कंपनीत गेला आन् आम्ही दोघीच राहिलो. गाव मला कुकू न लावणारी म्हणून वळखायचं. हळदीकुंकवाला बायका मला वगळून पुढं जायच्या. हापशावर मी पाणी भरलं की दांड्यावर तांब्याभर पाणी ओतून मंग हात लावायच्या, आन् हसायच्या. जनाकाकू म्हणून शेजारीण होती, ती तोंडावर बोलायची, "काय गं येशूबाई, तुझा देव पाणी बी हापसून देत न्हाई का?" मी बी हसायचे. रडले असते तर अजून बोलल्या असत्या.

शमुवेलला तिसरं लागलं आन् भावकी विचारायला लागली. आमच्यात जावळ पहिल्या न्हाई तर तिसऱ्या वर्षी देतात. विलासचे चुलते दादाराव, त्यांचा शब्द गावात चालायचा, ते ओट्यावर बसून म्हणले, "वहिनी, नवस तुमी बोललाव. लेकराला काय झालं तर आमच्याकडं बघू नका." मामी फोनवर विलासशी भांडल्या. विलास म्हणला, न्हाई म्हंजी न्हाई. त्याला लांबून म्हणायला काय लागतं. फोन ठेवला की घरात मी होते आन् मामी होत्या आन् ते केस होते.

भाद्रपदातल्या उकाड्यात लेकराला ताप यायला लागला. यायचा, जायचा. डोक्याला हात लावू देईना. मी म्हणायचे मामी, केसात काहीतरी हाय, बघू द्या, तर त्या म्हणायच्या, उष्णता हाय, आन् अजून तेल चोपडायच्या, हळद दाबायच्या, वरून येणी. मला वाटायचं कात्री घ्यावी आन् सगळं कापून टाकावं. कात्री पेटीतच होती. पण खरं सांगते, मला भ्या वाटायचं. मामीचं वाटायचंच, पण देवीचं बी वाटायचं. एवढ्या वर्षांची प्रार्थना एकीकडं आन् लेकराचं तापलेलं कपाळ एकीकडं. मी मनात म्हणायचे, येशू, मला तुझ्यावर भरोसा हाय, पण तिनं खरंच काही केलं तर? असं म्हणायचे आन् तेच्यावर पुन्हा माफी मागायचे.

सोयाबीनच्या काढणीला मी रोजानं जात होते. त्या दिवशी लेकरू जरा हुशार होतं, मामी म्हणल्या जा तू, मी हाय. लेकरू अजून अंगावर प्यायचं; दुपारच्या आधी माझ्या छातीत दूध भरून आलं, दुखायला लागलं, म्हणून पळत घरी आले तर दाराला कडी. चूल गार. दोरीवर वाळत घातलेला त्याचा नवा अंगरखा न्हाई. कोनाड्यातला नारळ न्हाई.

जनाकाकू उंबऱ्यातच बसलेली. "माहूरला गेली सासू तुझी, सकाळच्याच गाडीनं. आता कामून पळायलीस? देवाच्या कामाला गेलंय लेकरू."

मी तशीच निघाले. पायात चप्पल होती का न्हाई आठवत न्हाई. फाट्यापस्तोर पळाले, जीप मिळाली, लातूरचा स्टँड, मंग नांदेडची यष्टी. खिडकीपाशी बसून माझं एकच चालू होतं, येशू त्याला धर, येशू त्याला धर, शेजारची म्हातारी म्हणली, बाई काय झालं, तरी माझं तेच. ब्लाउज दुधानं भिजून गेलं होतं, पदर लपेटून बसले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, गाडी कुठं थांबली की मला वाटायचं खाली उतरून पळावं, मी गाडीपेक्षा जल्दी जाईन. नांदेडहून माहूरची गाडी केव्हाच गेली असणार हे मला म्हाईत होतं. तरी उतरले आन् माहूरच्या फलाटाकडं गेले.

आन् मामी तिथंच बसलेल्या. खाली फरशीवर, पाय पसरून, मांडीवर शमुवेल. गाडी आली होती, लागली होती, गेली होती. त्या चढल्याच न्हवत्या.

"सुनीता," मामी म्हणल्या. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली न्हवती. "लेकरू डोळे पांढरे करायलंय. मी काय करू?"

मी भांडायचं म्हणून आले होते. प्रार्थनेच्या मधी मधी शब्द बी जुळवले होते. ते सगळे बाजूला राहिले. लेकराला उचललं तर ते तव्यासारखं तापलेलं. आम्ही दोघी रिक्षात बसलो, सरकारी दवाखान्यात गेलो. मामी नारळ छातीशी धरून बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाई तरणीच होती, माझ्या वयाची. तिनं येणी सोडली, केस बाजूला केले आन् नाकाला रुमाल लावला. तेल आन् हळदीच्या खाली, कानाच्या मागं, लिंबाएवढं गळू. आतमधी पसरलेलं. ती म्हणली, "हे किती दिवसांपासून? आधी सगळे केस काढायचे, मग चिरा द्यायचा. आत्ताच्या आत्ता."

मामी पुढं झाल्या. "न्हाई बाई. हे जावळ हाय. आईचं हाय. इथं न्हाई काढता येत."

"मग लेकरू न्या घरी," डॉक्टरीण म्हणली. रागानं न्हाई, दमून म्हणली.

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मला अजून तो पंख्याचा आवाज ऐकू येतो. मला वाटलं येशू काहीतरी बोलंल, धीर येईल, प्रार्थनेत साक्ष देताना लोक सांगतात तसं अंगातून काहीतरी जाईल. काही झालं न्हाई. भ्या होतं तसंच राहिलं. मी म्हणले, "काढा." एवढाच शब्द. आन् मनात म्हणले, मी चुकले असंल तर मला मार, त्याला नको. कुणाला म्हणले ते बी मला सांगता येत न्हाई.

कंपाउंडर मशीन घेऊन आला. मी लेकराचं डोकं धरलं. पहिला पुंजका खाली पडायच्या आत मामींनी पदर पसरला. जावळ आत्यानं पदरात झेलायचं असतं, जमिनीला लागू द्यायचं न्हाई, आन् आमच्या लेकराला आत्या न्हाई. त्या वाकून, गुडघ्यावर, मशीन जिकडं जाईल तिकडं पदर नेऊन राहिल्या होत्या. कंपाउंडर म्हणला, "आजी, बाजूला व्हा." त्या झाल्या न्हाईत. रडत होत्या आन् एक एक केस झेलत होत्या. डोकं उघडं झालं तवा ते एवढंसं दिसलं. मामी म्हणल्या, "माझ्याच हातानं तेल घातलं गं मी."

ताप उतरायला येळ लागला, पण उतरला. आम्ही वॉर्डात खाली चादर टाकून राहिलो. मामींनी समोरच्या खानावळीतून कणकेचा गोळा मागून आणला, त्यात रीतीपरमाणं ते केस भरले आन् सकाळी एकट्याच माहूरला गेल्या. मी अडवलं न्हाई. नवस त्यांचा होता, लेकरू माझं होतं. परत आल्या तर हातात आईच्या परसादाच्या तांबुलाची पुडी, मला दिली न्हाई, लेकराच्या तोंडाला बी लावली न्हाई. नुसतं म्हणल्या, "गडावर वारा लई होता."

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी आज रेणापूरकडंच राहिले असते.

मी आन् लेकरू गावात आलो तर दादारावांनी जावळाचं जेवण ठरवलेलं. मामी आमच्या आधीच दवाखान्यातून गावाला आल्या होत्या, त्यांनी सांगून टाकलं होतं की जावळ माहूरला दिलं. त्यांच्या लेखी ते खोटं न्हवतं, केस गेलेच होते. सबंध दिवस दोघींनी पुरणाचा सैपाक केला. मी पाट्यावर, त्या चुलीवर. गुळाचा वास, वेलची, तूप. आमच्या घरात एवढी माणसं मी कधी बघितली न्हवती. हापशाचा दांडा धुणाऱ्या बायका माझ्या हातचं पुरण चाखून म्हणायल्या, गोड झालंय. जनाकाकूनं शमुवेलच्या टकलावर हात फिरवला. मला इतकं बरं वाटलं, सांगता येत न्हाई. वाटलं, झालं, आता मी बी यांच्यातली.

पंगत बसली. पहिला घास घ्यायच्या आधी दादाराव माझ्याकडं वळले. आवाज मायेचाच होता. "सूनबाई, लेकराला आईच्या पायावर घातलं न्हवं? झालं तर मंग. आजपासून ते आईचं. तू बी कुकू लाव आन् बस पंगतीला. मागचं सगळं सोडलं आम्ही."

सगळे माझ्याकडं बघत होते, हातात घास. मामी चुलीपाशी होत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् मान हलवली, अशी जराशी, म्हंजी हो म्हण. किती सोपं होतं. बोलायचं बी न्हवतं, मान हलवायची होती. मला भूक लागली होती. मला हापशावर हसून बोलणाऱ्या बायका पाहिजे होत्या. मला माझ्या लेकराच्या वाढदिवसाला कुणीतरी यावं असं वाटत होतं.

मी म्हणले, "न्हाई, मामाजी." माझा आवाज मलाच ऐकू आला न्हाई, पुन्हा म्हणले. "नांदेडच्या दवाखान्यात काढलं. केस मामींनी नेले. लेकरू गडावर गेलं न्हाई. लेकरू येशूचं हाय."

कुणी ओरडलं न्हाई. ओरडले असते तर बरं झालं असतं. दादारावांनी घास पत्रावळीवर ठेवला आन् उठले. मंग एक एक करून सगळे. पत्रावळ्या सरकल्याचा खरखर आवाज, चपला शोधल्याचा आवाज, आन् मंग काहीच न्हाई. पोळ्या तशाच. तूप थिजून गेलेलं.

मामी चुलीपुढून हलल्या न्हाईत. तिथूनच म्हणल्या, "एक मान हलवायची होती तुला. एक मान."

त्यानंतर गिरणीवाला म्हणायला लागला, पट्टा तुटलाय, आन् मी तिथं उभी असताना दुसऱ्याचं दळून द्यायचा. हापशावर माझी घागर लाथेनं सरकवली. कुणी तरी दारात घाण टाकली. विलास सुट्टी काढून आला, भावकीत भांडला, हरला, आन् आम्हाला लातूरला घेऊन आला. मामी आल्या न्हाईत. गाडीत बसताना त्यांनी शमुवेलच्या हातात भाकर दिली, माझ्याकडं बघितलं न्हाई.

लातूरची खोली पत्र्याची, माझ्या लहानपणच्या शेडसारखीच तापते. घरमालकीण बौद्ध हाय. मी भाडं ठरवताना आधीच सांगून टाकलं, आम्ही प्रार्थनेवाले, नंतर काढणार असाल तर आताच सांगा. ती म्हणली, "माझ्या आजीला विहिरीवरून हाकललं व्हतं. तू सामान आण." लोकांना वाटतं की इमानात राहिलं की सुख मिळतं. मी आजबी दाराची कडी वाजली की आधी फटीतून बघते. शमुवेल शाळेत जातो, कानामागं त्याला केस येत न्हाईत, पोरं चिडवतात. मी त्याला प्रार्थनेला नेते, आन् लेकराला त्रास आपल्यामुळंच झाला का हे बी रोज मनात येतं. तरी जाते. दुसरीकडं कुठं जावं ते मला समजत न्हाई.

मंग पोरगी झाली, आन् एका दुपारी मामी दारात उभ्या. हातात माहूरची पिशवी. आत आल्या न्हाईत, आधी इकडं तिकडं बघितलं, दाराबाहेर एक खिळा होता, त्याला पिशवी अडकवली, हात धुतले, आन् मंग आत येऊन लेकराला घेतलं. तवापासून तसंच चालू हाय. आमच्याकडं येतात म्हणून भावकीनं त्यांना बी तोडलं. त्या गडावरून येतात, पिशवी बाहेर राहते, त्या आत राहतात. मी प्रार्थना करते तवा त्या भाकरी थापायचं थांबवत न्हाईत, पण हळू थापतात.

पोरीला वर्ष झालं, केस डोळ्यात यायला लागले. मामी कंगवा घेऊन बसल्या होत्या, वर न बघता म्हणल्या, "हिचं कुठं काढायचं?" मला विचारून राहिल्यात हे समजायलाच मला येळ लागला. मी म्हणले, गल्लीच्या तोंडाला न्हावी हाय. न्हावी आला तवा त्या पदर पसरून बसल्या. केस कागदात बांधले आन् बाहेरच्या पिशवीत ठेवले.

संध्याकाळी दादारावांचा फोन आला, मामींच्याच फोनवर. मी चुलीपाशी होते, त्या फोन कानाला लावून उंबऱ्यात उभ्या होत्या. पलीकडून आवाज मोठा येत होता, मला सगळं ऐकू येत होतं. नातीचं जावळ काढलं म्हणे. माहूरला न्हेलं का न्हाई? न्हेलं म्हणा वहिनी, म्हंजी घरी या, घर तुमचंच हाय.

माझे हात पिठातच थांबले. मामींनी खिळ्यावरच्या पिशवीकडं बघितलं. एक हूं म्हणायचं होतं त्यांना.

"न्हाई, भावजी," मामी म्हणल्या. "लातूरला काढलं. दारातच."

फोन ठेवला. पदरानं तोंड पुसलं. मंग आत आल्या आन् मला म्हणल्या, "भाकर करपायलीय. ध्यान कुठाय तुझं?"